शेजार आणि सीमा : मराठी–कानडी संबंधांचा एक विचार

नोव्हेंबरची पहिली तारीख बेळगांव शहरांत दोन प्रकारांनीं पाळली जात आली आहे. इ. स. १९५६ सालीं याच दिवशीं भाषावार राज्यरचना अमलांत आली आणि कानडी बोलणारांचे विखुरलेले प्रदेश एका राज्याखालीं आले. म्हणून कानडी भाषिक त्या दिवशीं राज्योत्सव करितात, लाल-पिवळे ध्वज उभारितात. त्याच दिवशीं, त्याच रचनेनें आपण आपल्या भाषेच्या राज्याबाहेर पडलों म्हणून, तेथील मराठी भाषिक काळा दिवस पाळितात. एका भिंतीच्या अलीकडे तोरण आणि पलीकडे सुतक, असा हा प्रकार दोन पिढ्यांहून अधिक काळ चालला आहे.

उभय पक्षांचीं पत्रकें आणि भाषणें वाचलीं असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. दोघांचाहि पहिला साक्षीदार इतिहास असतो. एक पक्ष राष्ट्रकूटांस बोलावितो, दुसरा यादवांस. एक 'कविराजमार्गा'चा आधार घेतो, दुसरा छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या स्वाऱ्यांचा. सीमेचा दावा महाराष्ट्रानें इ. स. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयांत नेला. त्याच्या गुणदोषांविषयीं येथें कांहीं बोलावयाचें नाहीं. तें काम न्यायाधीशांचें आहे. परंतु इतिहासास जर साक्षीस उभें केलें आहे, तर तो खरोखर काय सांगतो हें शांतपणें ऐकून घेणें कोणाहि सुशिक्षित माणसास अवश्य आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या दोन समाजांचा शेजार सुमारें दीड हजार वर्षांचा आहे. भांडण मात्र दीडशें वर्षांहून फारसें जुनें नाहीं. तें देवळांत किंवा घरांत जन्मलें नाहीं. कचेरी आणि शाळा यांच्या भाषेंतून तें उत्पन्न झालें आहे.

(१)

प्रथम प्राचीन काळाकडे पाहूं. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी यास ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखांत रविकीर्ति कवीनें तीन महाराष्ट्रकांचा अधिपति म्हटलें आहे आणि त्यांतील गांवांची संख्या नव्व्याण्णव हजार सांगितली आहे. पुढें थोड्याच वर्षांनीं ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू त्याच्या राज्यांत आला, त्यानेंहि त्या राज्यास महाराष्ट्र हेंच नांव दिलें. म्हणजे ज्याची राजधानी आज निर्विवादपणें कर्नाटकांत आहे आणि ज्याच्या घराण्याचे कानडी लेख बदामीच्या लेण्यांत कोरलेले आहेत, तो राजा परदेशच्या पाहुण्याला महाराष्ट्राचा राजा वाटला.

चालुक्यांमागून राष्ट्रकूट आले. वेरूळचें कैलास लेणें त्यांच्यापैकीं पहिल्या कृष्णाच्या कारकीर्दींतलें. परंतु पुढें त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यांतील मळखेड येथें झाली. तेथेंच अमोघवर्ष नृपतुंग याच्या आश्रयानें नवव्या शतकांत 'कविराजमार्ग' हा ग्रंथ झाला. उपलब्ध कानडी ग्रंथांत हा सर्वांत जुना. कावेरीपासून गोदावरीपर्यंतचा मुलूख तो कानडी देश, असें त्यांत सांगितलें आहे. गोदावरीचें नांव वाचून मराठी वाचक चपापतो. पण त्याच वाचकानें श्रवणबेळगोळास जाऊन गोमटेश्वराच्या पायांशीं पाहावें. तेथें कानडी आणि तामिळ लेखांच्या शेजारीं एक लहानसा मराठी लेख कोरलेला आहे. मराठीचा आद्य लेख म्हणून तो फार दिवस गाजला. त्याच्या कालनिश्चयाविषयीं पुढें पंडितांत मतभेद झाले. स्थलाविषयीं मात्र मतभेदास जागाच नाहीं. तो लेख म्हैसूरच्या मुलखाच्या पोटांत आहे. मग एकानें गोदावरीपर्यंत हक्क सांगावा आणि दुसऱ्यानें श्रवणबेळगोळापर्यंत, असें करावयाचें काय?

कल्याणीच्या चालुक्यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हें कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. येथें विक्रमादित्याच्या पदरीं असलेल्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वाटणी, वारसा आणि दत्तक यांच्या बाबतींत महाराष्ट्रांतील हिंदु घरें शेंकडों वर्षें या टीकेच्या आधारानें चाललीं. बापाच्या घरांतील मुलाचा हिस्सा ज्या ग्रंथानें ठरविला तो आपला कीं परका, हा प्रश्न कोणा मराठी माणसानें कधीं काढल्याचें ऐकिवांत नाहीं. याच चालुक्यांचे मांडलिक असलेले यादव बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस स्वतंत्र झाले. त्यांच्या अमदानींत ज्ञानेश्वरी झाली, म्हणून आपण त्यांस मराठी राजे म्हणतों आणि तें योग्यच आहे. पण त्यांच्या शिलालेखांचा मोठा भाग कानडींत आहे, हेंहि तितकेंच खरें.

या सर्वांवरून दोघांचाहि दावा सिद्ध झाला असें म्हणावें, अथवा कोणाचाच झाला नाहीं असें म्हणावें. भाषेचा अभिमान त्या काळीं नव्हता असें नव्हे. 'कविराजमार्गा'चा कर्ता आणि ज्ञानेश्वर हे दोघेहि आपापल्या भाषेविषयीं प्रेमानें बोलणारे. परंतु अमुक भाषा बोलणारानें अमुकच राजाची प्रजा असलें पाहिजे, हा विचार त्या काळीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. राजा ज्या प्रांतांत लेख कोरवी त्या प्रांताची भाषा वापरी, आणि कर वसूल झाला म्हणजे प्रजा घरांत काय बोलते याची त्यास चौकशी नसे. अशा राजांस आजच्या सीमेच्या वादांत साक्षीस बोलाविणें म्हणजे त्यांना न समजणाऱ्या प्रश्नाचें उत्तर मागणें होय.

(२)

राजांपेक्षां दैवतांचा इतिहास या बाबतींत अधिक बोलका आहे. पंढरीचा विठोबा म्हणजे महाराष्ट्राचें हृदय. पण आपल्याच संतांनीं त्याला कानडा म्हटलें आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ कर्नाटकचा असा घ्यावा कीं अगम्य असा घ्यावा, यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. पंढरपुरास इ. स. १२३७ चा एक शिलालेख आहे. तो होयसळ राजा सोमेश्वर याच्या वेळचा असून संस्कृत व कानडी या भाषांत आहे. पुढें कर्नाटकांत पुरंदरदासादि हरिदास झाले, त्यांनीं आपल्या पदांवर विठ्ठलाच्याच नांवाची मुद्रा उमटविली. विजयनगरास विठ्ठलाचें भव्य मंदिर उभें राहिलें. पंढरीची मूर्ति तिकडे नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनीं ती परत आणिली, अशी आपल्याकडे आख्यायिका आहे. ती ऐतिहासिक कसोटीस उतरो वा न उतरो. एका देवावर दोन मुलखांचा सारखाच जीव होता, एवढें तरी तीवरून दिसतेंच.

सोलापूरचें उदाहरण घ्या. त्या शहराचें ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. हे सिद्धराम बाराव्या शतकांतील शिवशरण, बसवेश्वरांच्या मंडळांतले, आणि कानडींतील श्रेष्ठ वचनकारांपैकीं एक. मकरसंक्रांतीस त्यांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हां नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागें चालणाऱ्या गर्दींत कानडी, मराठी आणि तेलुगु या तीनहि भाषा कानांवर पडतात. जेजुरीचा खंडोबा कर्नाटकांत मैलार म्हणून पुजला जातो. सौंदत्तीच्या यल्लमेस महाराष्ट्रांतून, आणि तुळजापूरच्या भवानीस कर्नाटकांतून, यात्रेकरूंची रीघ लागते. बदामीजवळची बनशंकरी ही कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता आहे. त्या घरांतील नवीं जोडपीं लग्नानंतर पहिल्यानें कुलदेवीच्या पायां पडावयास कर्नाटकांत जातात.

घरांत डोकावलें तरी हाच प्रकार. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कानडीचे. ते मराठी घरांत इतके रुळले कीं, त्यांस परके म्हणावयास कोणाची जीभ रेटणार नाहीं. भातावर आपण तूप वाढतों, तो शब्दहि कानडींत 'तुप्प' या रूपानें नांदत आहे. उलट दप्तर, कचेरी, वसूल, जमाबंदी यांविषयींचे कितीतरी शब्द मराठी दप्तरांतून कानडींत गेले. कुलकर्णी, देशपांडे, देसाई, पाटील, जोशी या आडनांवांवरून माणसाची भाषा सांगतां येत नाहीं. बोलूं लागेपर्यंत तो कोणत्या बाजूचा हें कळत नाहीं, आणि बेळगांवाकडे पुष्कळदां बोलूं लागल्यावरहि कळत नाहीं. कारण तो दोन्ही भाषा सारख्याच सफाईनें बोलतो.

(३)

येथवरचें चित्र गोड आहे. पण सर्वच इतिहास असा गोड नाहीं, आणि कडू भाग झांकून ठेवणें हें इतिहासाचें काम नव्हे. आदिलशाहींत पहिल्या इब्राहिमाच्या कारकीर्दींत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यास, मुलकी हिशेब फारसीऐवजीं देशभाषेंत ठेवण्याचा पायंडा पडला. विजापूरच्या दप्तरांतून मोडी लिहिणारा मराठी कारकून भीमा आणि कृष्णा ओलांडून दक्षिणेस गेला. इ. स. १६३८ च्या सुमारास शहाजीराजे बंगळुरास राहूं लागले, इ. स. १६६४ सालीं त्यांचा अंत झाला तोहि चन्नगिरीजवळ होदिगेरे येथें, आणि त्यांची समाधि तेथेंच आहे. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून मराठी सरदार, शिलेदार, कारकून यांचीं घराणीं कर्नाटकांत पसरलीं. अशा रीतीनें मराठी ही कानडी मुलखांत लेखणीची आणि तलवारीची, म्हणजे सत्तेची, भाषा झाली. सत्ता गोड वाटते ती ती चालविणारास.

दोन प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवण्यासारखे आहेत. इ. स. १६८९ सालीं संभाजीमहाराजांच्या वधानंतर राजाराममहाराज वेष पालटून जिंजीकडे निघाले. पाठीवर औरंगजेबाचें सैन्य होतें. त्या वेळीं केळदीची राणी चन्नम्मा हिनें त्यांना आश्रय दिला आणि सुखरूप पुढें जाऊं दिलें. त्यापायीं बादशाही फौज तिच्या राज्यावर चालून आली, तरी ती डगमगली नाहीं. मराठ्यांचें राज्य त्या दिवसांत एका माणसाच्या जिवावर उभें होतें, आणि तो जीव एका कानडी राणीनें वांचविला. दुसरा प्रसंग त्यानंतर शंभर वर्षांचा. इ. स. १७९१ सालीं टिपूवरील स्वारींत परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज कर्नाटकांत होती. धारवाडचा किल्ला त्याच मोहिमेंत घेतला. त्या फौजेबरोबरच्या लुटारूंनीं शृंगेरीच्या शंकराचार्यांचा मठ लुटला, आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठीं मदत धाडली ती टिपूनें. त्या संबंधाचीं पत्रें इ. स. १९१६ सालीं मठांत सांपडलीं, त्यामुळें या गोष्टीविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

पहिला प्रसंग आपल्या शालेय इतिहासांत एका वाक्यांत उरकला जातो. दुसरा बहुधा येतच नाहीं. कानडी मुलखांत मात्र दोहोंचीहि आठवण आहे. शेजाऱ्याशीं बोलतांना आपण त्याच्या उपकाराचें पान आणि आपल्या अपराधाचें पान दोन्ही फाडून टाकूं लागलों, तर तो आपल्या ग्रंथावर विश्वास कां ठेवील?

(४)

इ. स. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि तिचा दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांच्या हातीं आला. त्यांनीं तो मुंबई इलाख्यास जोडिला व त्याला 'सदर्न मराठा कंट्री', म्हणजे दक्षिणेकडचा मराठा मुलूख, असें नांव दिलें. तें कोणत्या राज्याकडून मुलूख मिळाला यावरून दिलेलें होतें. तेथील लोक काय बोलतात याच्याशीं त्याचा संबंध नव्हता. धारवाड जिल्ह्यांतील बहुसंख्य लोक कानडी बोलत, तरी त्यांचा मुलूख कागदावर मराठा मुलूख राहिला. इ. स. १८८२ सालीं तिकडे आगगाडीची कंपनी निघाली, तिचेंहि नांव 'सदर्न मराठा रेल्वे', आणि तिची मुख्य कचेरी धारवाडास! धारवाडच्या कानडी माणसानें हें नांव रोज वाचावें आणि त्याला कांहींच वाटूं नये, अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय.

परंतु नांवापेक्षां मोठी गोष्ट होती ती शाळेची. जुन्या राज्यांत गांवास एक कुलकर्णी असला म्हणजे पुरे. बाकीच्यांस लिहिण्याचें काम पडत नसे, म्हणून दप्तराची भाषा कोणती याची शेतकऱ्यास फिकीर नव्हती. इंग्रजी अमलांत शाळा, कोर्ट, टपाल, नोकरी हीं एकामागून एक आलीं, आणि दप्तराची भाषा ही भाकरीची भाषा झाली. सुरुवातीस या जिल्ह्यांत कारकुनी मराठी येणारांच्या हातीं होती, म्हणून शाळाहि मराठी निघाल्या. कानडी घरांतील मुलानें घरीं एक भाषा बोलावी आणि शाळेंत दुसरींत शिकावें, अशी स्थिति आली. वॉल्टर एलियट यांच्यासारख्या कांहीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं कानडी शाळांस प्रथम हात दिला. पुढें शाळाखात्यांतील 'डेप्युटी' चन्नबसप्पा यांनीं धारवाड-बेळगांवाकडे कानडी शिक्षणासाठीं जन्मभर खटपट केली. इ. स. १८९० सालीं धारवाडास कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. या मंडळींचा हेतु मराठीचा द्वेष करणें हा नव्हता. आपल्या मुलांस आपल्या भाषेंत शिकतां यावें, एवढाच होता. आज बेळगांवचे मराठी लोक जें मागत आहेत, तेंच त्या काळीं धारवाडचे कानडी लोक मागत होते, ही गोष्ट आपण मराठी वाचकांनीं विसरूं नये.

रंगभूमीचा इतिहास याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितो. इ. स. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें. त्यास प्रेरणा मिळाली ती कानडी मुलखांतून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळापासून. म्हणजे मराठी नाटकाचें बीं कानडी. पुढें तें इतकें फोफावलें कीं, मराठी नाटकमंडळ्या धारवाड, हुबळी, गदग गाजवूं लागल्या, आणि 'संगीत शाकुंतला'चे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर हेहि बेळगांव-धारवाडकडचेच. कानडी प्रेक्षक मराठी पदें गुणगुणूं लागला. तेव्हां गदगच्या शांतकवींस वाटलें कीं आपल्या भाषेचें काय? त्यांनीं कानडी नाटकें लिहिलीं, मंडळी उभी केली, आणि आधुनिक कानडी रंगभूमीची पायाभरणी झाली. बीं तिकडून इकडे आलें, रोप इकडून तिकडे गेलें, आणि त्याच घेण्यादेण्यांतून स्वाभिमानाची ठिणगीहि पडली.

खानेसुमारीनें या ठिणगीस वारा घातला. इ. स. १८८१ पासून प्रत्येक माणसाची मातृभाषा लिहून घेण्यांत येऊं लागली. दोन्ही भाषा बोलणारास त्या रकान्यांत एकच भाषा सांगावी लागे. जो पट्टा दुभाषी होता, त्यावर आंकड्यांची रेघ पडूं लागली. आणि मग ते आंकडे वाढविणें आणि घटविणें हें राजकारण झालें.

(५)

विशेष असें कीं, कर्नाटकाच्या एकीकरणाचे पुढारी पुष्कळसे पुण्याच्याच गुरुकुलांतले. आलूर वेंकटराव हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि लोकमान्यांचे अनुयायी. त्यांनीं 'गीतारहस्य' कानडींत नेलें, आणि त्यांनींच 'कर्नाटक गतवैभव' लिहून कानडी लोकांस त्यांच्या पूर्वजांची ओळख करून दिली. स्वराज्य हा आपला हक्क आहे, असें लोकमान्यांनीं शिकविलें. शिष्यानें तो धडा आपल्या घरापुरता गिरविला. गुरूच्या मुलखास तो धडा पुढें अवघड वाटावा, यांत दोष कोणाचा?

बेळगांव हें शहर या सर्व कथेचें मध्यवर्ती ठिकाण आहे. इ. स. १९१६ सालीं लोकमान्यांनीं आपला होमरूल संघ बेळगांवासच स्थापिला. इ. स. १९२४ सालीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं तेथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें, आणि त्याच प्रसंगीं त्याच शहरांत कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली. पुढें बावीस वर्षांनीं, इ. स. १९४६ सालीं, त्याच बेळगांवांत ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखालीं मराठी साहित्य संमेलन भरलें आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन भावांनीं एकाच ओसरीवर बसून आपापल्या घराचे नकाशे काढावे आणि दोन्ही नकाशांत ती ओसरी यावी, तसा हा प्रकार झाला.

त्यानंतरची हकीकत ताजी आहे. इ. स. १९५६ च्या जानेवारींत राज्यरचनेचा निर्णय जाहीर होतांच बेळगांवांत क्षोभ झाला. १७ जानेवारीस गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि तो दिवस तेव्हांपासून हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. शहरांत मराठी बोलणारांचें बहुमत असतांहि तें तत्कालीन म्हैसूर राज्यांत गेलें. महाराष्ट्रानें खेडें हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुमत हीं तत्त्वें पुढें मांडलीं; कर्नाटकानें झालेला निर्णय अंतिम मानला. इ. स. १९६६ सालीं निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचें मंडळ नेमलें गेलें. त्याच्या पुढील वर्षींच्या अहवालानें निपाणी-खानापुराकडील २६४ गांवें महाराष्ट्रास, जत-अक्कलकोट-दक्षिण सोलापुराकडील २४७ गांवें म्हैसुरास, आणि बेळगांव म्हैसुरांतच, अशी वांटणी सुचविली. महाराष्ट्रानें ती नाकारिली. इ. स. २०१२ सालीं कर्नाटकानें बेळगांवास विधानसौध उभारिलें, इ. स. २०१४ सालीं शहराचें सरकारी नांव बेळगावी झालें. घाव जुना, पण त्यावरची खपली दरवर्षीं नव्यानें निघते.

(६)

या साठ-सत्तर वर्षांत राजकारण्यांनीं जें तोडलें, तें कलावंतांनीं न बोलतां जोडून ठेविलें. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खां यांचे शिष्य कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व. त्यांनीं मराठी रंगभूमि गाजविली. त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल हुबळीस राहिल्या, आणि शिष्य भीमसेन जोशी गदगहून येऊन पुण्याचे झाले. गुरूच्या नांवाचा उत्सव भीमसेनांनीं इ. स. १९५३ पासून पुण्यांत चालविला, आणि मराठी अभंग घरोघर पोंचविले ते या कानडी कंठानें. बेळगांवजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी हेच कुमार गंधर्व.

साहित्यांतील एक जोडी तर लक्षांत ठेवण्यासारखी आहे. द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. ते धारवाडांत जन्मले, सोलापूरच्या महाविद्यालयांत कांहीं वर्षें कानडीचे प्राध्यापक होते, आणि आधुनिक कानडीचे श्रेष्ठ कवि म्हणून त्यांना इ. स. १९७३ चें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें. जी. ए. कुलकर्णी हे बेळगांवचे. त्यांनीं धारवाडांत राहून, कॉलेजांत इंग्रजी शिकवून, मराठींतील अत्यंत मोलाच्या कथा लिहिल्या. एकाच गांवच्या हवेंत मराठी घरांतील मुलगा कानडीचा महाकवि झाला आणि दुसरा मराठीचा श्रेष्ठ कथाकार राहिला. सीमेची कोणती रेघ या दोघांस आपापल्या बाजूस ओढून घेऊं शकेल?

मग करावें काय? इतिहास सीमा आंखून देत नाहीं, हें वर दाखविलें. ती आजच्या लोकांच्या इच्छेनें आणि कायद्यानेंच ठरावयाची. परंतु एक गोष्ट इतिहास निश्चित सांगतो: हा मुलूख म्हणजे रेघ नव्हे, पट्टा आहे. रेघ कोठेंहि ओढा, अलीकडे कांहीं कानडी घरें उरतील आणि पलीकडे कांहीं मराठी. त्या घरांतील मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचा सात-बारा आणि कचेरींतील अर्ज यांचें काय, हाच खरा प्रश्न आहे. आणि तो न्यायालयाचा निकाल कोणत्याहि बाजूनें लागला तरी शिल्लकच राहील. संविधानांत इ. स. १९५६ सालींच ३५०-अ हें कलम घालून अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें, असें सांगितलें आहे. ज्या वर्षीं सीमा पडली त्याच वर्षीं तिच्यावरचा उताराहि लिहून ठेवण्यांत आला. घेण्याचें मात्र राहून गेलें.

आपल्या बाजूस जत आणि अक्कलकोट या तालुक्यांत कानडी घरें आहेत, कानडी शाळा आहेत. इ. स. २०२२ सालीं जतच्या कांहीं गांवांचा प्रश्न एकाएकीं वर्तमानपत्रांत आला, तेव्हां तेथील लोकांची मुख्य तक्रार भाषेची नव्हती, पाण्याची होती. दुष्काळांत तहानलेल्या गांवास कोणी पाणी देऊं केलें, तर तें पाणी कोणत्या भाषेच्या राज्याचें, हें तो विचारीत बसत नाहीं. तसेंच इ. स. २०१९ च्या पावसाळ्यांत कृष्णेनें सांगली बुडविली आणि पुढें खालचा मुलूखहि बुडविला. पाणी किती व केव्हां सोडावें याची बोलणीं दोन्ही राज्यांस त्या घाईंतहि करावी लागलीं. नदी अशी बोलणीं करावयास लावते. शाळा आणि कचेरी यांच्या बाबतींत तीं आपणहून करावयास हवीं.

बेळगांवच्या मराठी मुलास मराठी शाळा, मराठी कागद आणि मराठी पाटी मिळावी, असें आपण म्हणतों. तें न्याय्य आहे, आणि त्यासाठीं तेथील लोकांनीं सोसलेलें दुःख खरें आहे. परंतु त्या मागणीस खरें बळ यावयाचें असेल, तर जतच्या कानडी शाळेंत शिक्षक वेळेवर नेमला जातो कीं नाहीं, अक्कलकोटच्या कानडी शेतकऱ्यास त्याला समजेल असा कागद मिळतो कीं नाहीं, हें आधीं आपण विचारिलें पाहिजे. शेजाऱ्याकडे ज्या मापानें मागावयाचें, तें माप प्रथम आपल्या घरांत भरलेलें असावें. केळदीच्या राणीनें राजारामास आश्रय देतांना त्याची भाषा विचारिली नाहीं. तिच्या त्या ऋणाची फेड शिलालेख उगाळून होणार नाहीं. जतच्या शाळेंत एक कानडी शिक्षक नेमल्यानें थोडी तरी होईल.